अंगण वाकडं होतं

"पाच मॅच. पाच मॅचमध्ये रन किती?" मिस्त्रीसाहेबांनी विचारलं.

"नऊ, साहेब."

"एका मॅचला नऊ?"

"नाही साहेब. सगळ्या मिळून."

साहेब शिंकले. ते रागानं शिंकले असं म्हणता येणार नाही, कारण हंगामात नंदुरबारच्या मालधक्क्यावर सगळेच शिंकायचे. धक्क्यावर मिरचीच्या पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असत, हमालांच्या डोक्याला फडकी बांधलेली असत, आणि माझ्या टेबलावर लाल धूळ बसलेली असे. साहेबांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "वानी, तू बॅट्समन आणला की पोस्टाची पेटी? पेटी पण हलत नाही, आणि कोणी पण येऊन तिच्यात टाकून जाते."

मी टेबलावरची धूळ पुसायला लागलो. तो माणूस मीच शोधून आणला होता.

आधी माझी ओळख करून देतो. मी नंदुरबारचा मालबाबू. म्हणजे गुड्स क्लार्क. कुठल्या वॅगनमध्ये काय चढलं, कुठल्या गावाला निघालं, ते लिहायचं. कागदावर माझी नोकरी एवढीच. पण मिस्त्रीसाहेब ट्रॅफिक इन्स्पेक्टर, म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या स्टेशनांचे धनी, आणि या पारशी बाबाला क्रिकेटचं वेड. बदलून आले त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "क्रिकेट येते?" मी म्हटलं, "कॉलेजात बघितलंय." तेवढ्या भांडवलावर मी रेल्वे इन्स्टिट्यूटचा, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबचा, क्रिकेट सेक्रेटरी झालो तो पेन्शन घेईपर्यंत. टीम निवडायची मी, शिकवायचं मी, अंपायर म्हणून उभं राहायचंही मी. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-चार वर्षं आधीची ही गोष्ट.

आमच्या दोन टीम होत्या. फर्स्ट इलेव्हन म्हणजे पहिली टीम, ती भुसावळ, अमळनेर अशा बाहेरच्या लोकांशी खेळायची. सेकंड इलेव्हन म्हणजे उरलेले: नवे लोक, म्हातारे लोक आणि ज्यांना बायको रविवारी घरात बसू देत नाही असे लोक. खालच्यातून वर कुणाला घ्यायचं, हे ठरवणं माझं काम. हे काम वरून सोपं दिसतं. लवकर घेतलं तर पोरगा घाबरून वाया जातो, उशिरा घेतलं तर कुजून वाया जातो.

लवकर घेतल्याचा चटका मला बसला होता. तिकीटबाबूचा धाकटा भाऊ, देखणा खेळायचा. मी घाई केली, त्याला थेट अमळनेरच्या मॅचला उभा केला. पहिलाच चेंडू हनुवटीवर बसला. त्या दिवसापासून त्या पोरानं बॅट हातात धरली नाही. भजनी मंडळात जायला लागला. त्याची आई मला भेटली की हात जोडायची, ते आभार होते की टोमणा हे मला आजवर कळलं नाही.

तेव्हा मी कायदा केला. सेकंड इलेव्हनमध्ये तीन मॅचला वीस-वीस रन केल्याशिवाय वर प्रवेश नाही. मोठ्या अक्षरात लिहून इन्स्टिट्यूटच्या बोर्डावर लावला, खाली सही ठोकली. कायदा करणाऱ्या माणसाला जी एक गुर्मी चढते ती मला चढली होती, खोटं कशाला सांगू.

आता याकोबची गोष्ट. याकोब नवापूरकडच्या डोंगरातला, कोकणी म्हणजे तिथल्या आदिवासी जमातीतला, ख्रिस्ती. वय वीसबावीस. घरी कोकणी बोलायचा, पण मिशनच्या शाळेत चार-सहा वर्षं बसल्यामुळे आमच्याशी बोलताना अगदी क्रमिक पुस्तकातलं मराठी. सगळ्यांना 'आपण' म्हणायचा. हमालालासुद्धा.

एकदा लाकडाच्या वॅगनचा काही घोळ निस्तरायला मी नवापूरला गेलो होतो. परतीची गाडी लेट. यार्डाच्या पलीकडे चार-पाच जवान माणसं विटीदांडू खेळत होती. जंगलात कूपावर, म्हणजे तोडीला काढलेल्या पट्ट्यात, लाकूड तोडणारी माणसं, दुपारची सुट्टी. त्यातल्या एकानं सागाच्या दांडूनं विटी उडवली, ती कमरेएवढी वर आली, आणि त्यानं आडवा हात फिरवला. विटी पाण्याच्या टाकीवरून पलीकडे गेली. मला वाटलं, लागली असेल कशीबशी. त्यानं पुन्हा मारली. पुन्हा टाकीपलीकडे. चौथ्या वेळेला मी वॅगनचे कागद खाली ठेवले आणि त्याचं नाव विचारलं.

साहेबांना सांगितलं, साहेब खूश. म्हणाले, "आण." आमच्याकडे एका पोर्टरची टेंपररी जागा होती, होळीपर्यंतची. त्या जागेवर याकोबला घेतला. साहेबांची अट सरळ होती. "होळीच्या आधी भुसावलची मॅच आहे. तोपर्यंत हा फर्स्ट इलेव्हनमध्ये खेळला आणि मला पसंत पडला, तर मी त्याला कायम करते. नाही, तर परत लाकूड तोडायला."

याकोबला हे मीच सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला, "कायम म्हणजे नेहमीकरिता का?" मी म्हटलं, "म्हातारा होईपर्यंत." त्यानं मान हलवली. पुढच्या सुट्टीत तो घरी जाऊन आला आणि आईला सांगून आला. त्याच्या बापाला कूपावरच झाड पडून मरण आलं होतं, हे मला तेव्हा कळलं. आईनं पाळकांना सांगितलं, आणि पाळकांनी रविवारच्या उपासनेत याकोबच्या बॅटिंगसाठी प्रार्थना ठेवली. आमच्या टीमसाठी आजवर शिव्यांखेरीज कुणी तोंडातून काही काढलं नव्हतं. मला तर धडकीच भरली.

आणि त्या प्रार्थनेनंतर पाच मॅच, नऊ रन.

साहेब त्या दिवशी धक्क्यावर उभे राहून पुढे म्हणाले, "त्याला सरळ वर घे. भुसावलच्या मॅचला. बघू."

"साहेब, कायदा..."

"कोणाचा कायदा?"

"माझा."

"मग तोड ना! तुझाच आहे."

"साहेब, जो खाली नऊ रन करतो, तो वर काय करणार? भुसावळचे बोलर त्याला कच्चा खातील. थोडा धीर धरू. मी तयार करतो त्याला."

"होली तुझ्यासाठी धीर धरणार नाही, डिकरा," साहेब म्हणाले, पुन्हा शिंकले आणि ट्रॉलीवर बसून गेले.

मग मी याकोबला तयार करायला घेतलं. मालधक्क्याच्या मागं सेकंड इलेव्हनचं मैदान होतं, तिथं रोज संध्याकाळी, ड्यूटी संपली की तासभर. त्याचा दोष मला स्वच्छ दिसत होता. त्याची बॅट आडवी. विटीदांडू खेळणारा माणूस जसा कमरेच्या उंचीवर आडवा हात फिरवतो, तसा तो फिरवायचा, आणि चेंडू बॅटीखालून सरपटत जाऊन स्टंपांवर आपटायचा. दरवेळी तेच. क्रिकेटमध्ये यावर औषध एकच: बॅट सरळ धरायची, पाय पुढं टाकायचा, नाक चेंडूवर आणायचं आणि चेंडू नुसता अडवायचा.

"सरळ," मी ओरडायचो.

"बरं आहे."

"नाक खाली!"

"बरं आहे."

"आता आडवी बॅट फिरवलीस तर याद राख."

"बरं आहे. चूक झाली."

इतका गुणी विद्यार्थी मी जन्मात पाहिला नाही. आणि त्याचा खेळ दिवसेंदिवस इतका बिघडत गेला की सांगायची सोय नाही. आधी तो मारताना आऊट व्हायचा, आता अडवताना व्हायला लागला. सहाव्या मॅचला दोन रन. सातव्या मॅचला भोपळा. साहेबांच्या पेटीची आठवण होऊन मला हसूही यायचं आणि रडूही.

तो मात्र कुणाला काही बोलायचा नाही. आधी दुपारच्या सुट्टीत हमालांबरोबर बसून भाकर खायचा, हसायचा. आता एकटाच वॅगनच्या सावलीत बसायला लागला. एकदा मी विचारलं, "काय रे, बरं नाही का?" तर म्हणाला, "आईचा निरोप आला आहे. किती झाले, असं विचारते." मी विचारलं, "मग काय कळवलंस?" म्हणाला, "प्रयत्न चालू आहेत, असं."

भुसावळची मॅच एका आठवड्यावर आली. मी मनातून ठरवून टाकलं होतं. याकोबला घ्यायचं नाही. साहेबांना सांगायचं, माझी पारख चुकली. वाईट वाटत होतं. पण अपयशी माणसाला वर ढकलून त्याची शोभा करण्यापेक्षा हे बरं, अशी मी स्वतःची समजूत घातली. आपण कुणाचं वाईट करत असलो की आपली समजूत फार लवकर पटते.

त्या रविवारी फर्स्ट इलेव्हनची प्रॅक्टिस होती. ती व्हायची लोको शेडजवळच्या दुसऱ्या मैदानावर. तिथं खाली मुरूम ठोकून कडक केलेला आणि त्यावर मॅटिंग, म्हणजे काथ्याची जाड चटई. चटई मुंबईहून आलेली. तिला रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटपेक्षा जास्त मान. रुळाचे खिळे ठोकून ती ताणून बसवायची, खेळ झाला की गुंडाळून शेडमध्ये ठेवायची, आणि फर्स्ट इलेव्हनखेरीज कुणाचा तिला पाय लागता कामा नये, हा साहेबांचा हुकूम. हे सगळं धुडकूबाबा बघायचे. धुडकूबाबा म्हणजे आमचे जुने गँगमन, शहाद्याकडचे शेतकरी घराण्यातले, मैदानाचं सगळं तेच करायचे. याकोब त्यांना चटई गुंडाळायला मदत करायचा. दोघांचं चांगलं जमायचं, कारण दोघंही कमी बोलायचे.

प्रॅक्टिस संपली, मी निघालो, आणि अर्ध्या वाटेवर आठवलं की छत्री विसरली. परत आलो तर काय बघतो! चटई अजून अंथरलेलीच. एका बाजूला धुडकूबाबा, धोतराचा काचा मारून, जुना चेंडू टाकतायत. दुसऱ्या बाजूला याकोब. चेंडू चटईवर आपटला, टणकन कमरेपर्यंत वर आला, आणि याकोबनं आडवा हात फिरवला. चेंडू लोको शेडच्या पत्र्यावर धाडकन आपटला आणि पलीकडे कोळशाच्या ढिगात गेला.

आता कुणीही शहाणा माणूस त्या फटक्याकडे बघेल. मी बघितलं चटईकडे.

"काय चाललंय हे!" मी किंचाळलोच. "कुणाला विचारून? लाज नाही वाटत? साहेबांनी पाहिलं तर माझी नोकरी जाईल!"

याकोबचा चेहरा पांढरा पडला. बॅट खाली ठेवून तो म्हणाला, "चूक झाली. पुन्हा होणार नाही." आणि चेंडू आणायच्या निमित्तानं कोळशाच्या ढिगाकडे पळाला.

धुडकूबाबा शांतपणे काचा सोडत होते. म्हणाले, "संताप नका करा, बाबू. चटई तुम्हनी शे, माले मालूम शे. पन पोऱ्याना हात देखा का?"

"पाहिला. आडवा आहे. तेच तर दुखणं आहे. खालच्या मैदानावर एक रन निघत नाही आणि इथं तुमच्यासारख्याच्या चेंडूवर मर्दुमकी."

"खालनं वावर तुम्ही देखं का कधी?"

"मी रोज तिथंच असतो!"

"उभा ऱ्हातस. देखतस कोठे?" बाबा म्हणाले. "ती काळी जमीन शे, बाबू. पानी आटनं, भेगा पडन्यात. मी माती भरस, रोलर फिरावस, पन काळी जमीन ती काळीच. चेंडू पडस नि मरी जास. घोटापावत बी येत नई. आठे चटईवर देखा, कमरपावत येस. पोऱ्यानी आख्खा जनम विटी मारी. त्याले चेंडू वर उनेल पाहिजे. पोऱ्या वाईट नई शे. वावर वाईट शे."

मी हट्टानं म्हटलं, "बाबा, नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली ही गोष्ट."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मिशीत हसले. "पन बाबू, आंगन खरंच वाकडं व्हई तं?"

म्हण सगळे म्हणतात, पण उठून अंगण बघायला कुणी जात नाही. मी तिथंच मुरमावर बसलो. डोक्यात सगळं फिरायला लागलं. वरची टीम खेळते चटईवर. खालची टीम खेळते काळ्या मातीवर. हे दोन खेळच वेगळे. मी काळ्या मातीवर परीक्षा घेत होतो आणि चटईवरच्या वर्गात बसवायचं की नाही ते ठरवत होतो. आडवी बॅट मातीवर गुन्हा होती, चटईवर ती हत्यार होती. आणि मी इतके दिवस त्या पोराच्या हातातून हत्यार काढून घेत होतो. घाईनं एकाला घालवलं होतं, आता धीरानं दुसऱ्याला घालवायला निघालो होतो. मला माझी लाज वाटली.

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"माले कोन इचारस? मी तं चटई गुंडाळनारा मानूस."

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन रविवार व्हयनात. सातदा शेडना पत्रावर मारं त्यानी."

एव्हाना याकोब चेंडू घेऊन आला होता, पण माझ्यासमोर यायला धजत नव्हता. मीही त्याला काही बोललो नाही. आपली चूक कबूल करायला शब्द जुळवावे लागतात आणि माझे जुळले नव्हते. छत्री घेतली आणि आमच्या कप्तानाकडे गेलो. कप्तान म्हणजे सय्यद गार्ड. उंचापुरा माणूस, टीमचा सगळ्यात जोरदार बोलर.

"सय्यदभाई, याकोबला भुसावळच्या मॅचला घेतोय."

"नऊ रनवाला?"

"आता अकरा झालेत."

"मुबारक," सय्यद म्हणाला. मी त्याला चटईचं सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "वाणीबाबू, धुडकूबाबाच्या बोलिंगवर माझी अम्मीपण पत्र्यावर मारेल. भुसावळवाले बाबा नाहीत." ते खरंच होतं. मला तरी खात्री कुठं होती? पण थांबून खात्री करायला मैदानही नव्हतं आणि दिवसही नव्हते. मी बोर्डावरच्या नावांत आठव्या नंबरवर याकोबचं नाव लिहिलं. शेजारीच माझा कायदा लटकत होता. लोक दोन्ही वाचून माझ्याकडे बघायला लागले.

मॅचच्या दिवशी शामियाना लागला. साहेब सुटाबुटात मधल्या खुर्चीवर. भुसावळवाल्यांनी आधी खेळून एकशेबारा रन केले. आमची पाळी आली आणि पत्त्याचा बंगला कोसळावा तशी टीम कोसळली. सहा आऊट, रन अठ्ठेचाळीस. सय्यद एका टोकाला उभा होता. दुसऱ्या टोकाला याकोब आला. मी अंपायर, बोलरच्या टोकाला स्टंपांमागं उभा.

पहिला चेंडू आला, छान कमरेएवढा उठला. माझ्या मनात आलं, आता गेला हा शेडच्या पत्र्यावर. याकोबनं पाय पुढं टाकला, नाक खाली आणलं, बॅट सरळ धरली आणि चेंडू अडवला. दुसरा चेंडू, अडवला. तिसरा, चौथा, अडवला. पुस्तकात छापावं असं. एकही रन नाही. तीन ओव्हर हेच चाललं. शामियान्यातून साहेबांचा आवाज आला, "पोस्टाची पेटी!"

काय झालंय ते मला लख्ख कळलं. मी त्या रविवारी ओरडलो होतो ते चटईसाठी. त्याला वाटलं होतं, फटक्यासाठी. आणि आज मी वीस पावलांवर उभा. माझ्यासमोर तो मेला तरी आडवी बॅट फिरवणार नव्हता. शिकवणारा समोर असताना शिकवलेलं मोडायचं कसं? इतका भला माणूस तो.

ओव्हरच्या शेवटच्या चेंडूवर सय्यदनं एक रन काढला आणि याकोब पळून माझ्या बाजूला आला. आता, अंपायरनं बॅट्समनला सल्ला द्यायचा नसतो. हा नियमही मीच बोर्डावर लावलेला. मी समोर बघत, ओठ न हलवता म्हटलं, "याकोब, गावात विटी मारतोस तसं मार."

तो दचकला. "आडवी बॅट?"

"आडवी."

"आपण रागावणार नाही?"

"नाही रे बाबा! मी चुकलो होतो. तू बरोबर होतास. मार आता."

भुसावळचा कप्तान लांबून ओरडला, "अंपायर, काय खलबतं चाललीत?"

"तहान लागलीय का विचारतोय," मी म्हटलं. देव मला क्षमा करो.

पुढच्या ओव्हरला याकोब समोर आला. चेंडू उठला. त्यानं हात फिरवला, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो. चेंडू मैदानाबाहेर, शेजारी मिरची वाळत घातली होती त्या लाल पथारीत जाऊन पडला. भुसावळचा जो गडी आणायला गेला, तो चेंडू घेऊन आला तो शिंकत शिंकत. दुसरा फटका पुन्हा मिरचीत. या वेळी दुसरा गडी गेला, त्यानं हात तसाच डोळ्याला लावला आणि पुढचा अर्धा तास तो पाण्याच्या बादलीपाशी बसून होता. त्यानंतर चेंडू मिरचीत गेला की भुसावळवाले एकमेकांना "तू जा, तू जा" करायला लागले. पब्लिक हसून लोळायला लागलं. साहेब खुर्चीवर उभे. धुडकूबाबा मात्र चटईचे खिळे ढिले झाले का, तेवढंच बघत होते.

रन ब्याण्णव झाले. याकोबचे चौतीस. आता एकवीस हवे होते. मला वाटायला लागलं, जिंकलो.

आणि एक चेंडू चटईवर पडला तो उठलाच नाही. खालचा मुरूम कुठंतरी दबला असावा. तो सरपटत गेला, याकोबची बॅट वरून फिरली, आणि चेंडू थेट त्याच्या पायावर, स्टंपांच्या अगदी समोर. पाय मधे नसता तर स्टंप उडाला असता. याला म्हणतात एलबीडब्ल्यू. भुसावळचे अकराही जण माझ्याकडे तोंड करून ओरडले, "हाऊज दॅट!"

अंपायरच्या हातात अशा वेळी एक बोट असतं. मी शामियान्याकडे पाहिलं नाही. याकोबकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता. चेंडू सरळ होता, आऊट होता, मला दिसलं होतं. नाही म्हणालो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण सकाळपासून एक खोटं बोलून झालं होतं, दुसरं पचलं नसतं. मी बोट वर केलं. माझ्या आयुष्यात मी उचललेली सगळ्यात जड वस्तू ती. धक्क्यावरचं मिरचीचं पोतंही हलकं.

याकोब गेला आणि पाठोपाठ टीम गेली. आम्ही अकरा रनांनी हरलो.

शामियान्यात साहेब माझी वाट बघत होते. "वानी, आऊट होता?"

"होता, साहेब."

"नक्की?"

"माझ्या मनाविरुद्ध होता, साहेब."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मी म्हटलं, "साहेब, पोरगा चांगला आहे. सात मॅच त्यानं नाही घालवल्या, मी घालवल्या. त्याला काळ्या मातीवर खेळवलं आणि वर चुकीचं शिकवलं. शिक्षा करायची तर मला करा."

"तुला काय शिक्षा करू? तू तर सेक्रेटरी आहेस, तीच शिक्षा," साहेब म्हणाले. मग एकदम आवाज चढवून, "तो भुसावलवाला कप्तान काय विचारते मला, माहीत आहे? हा तुमचा माणूस कायम आहे का? नसेल तर आम्ही घेते! साला माझ्याच शामियान्यात बसून, माझा चहा पिऊन, माझा पोर्टर चोरते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला कागद आला. याकोब कायम. साहेबांनी माणसाची पारख केली की भुसावळवर जळफळाट काढला, यात मी कधी खोल गेलो नाही. रेल्वेत कागद आला की झालं.

तो मी याकोबला धक्क्यावर, मिरचीच्या थप्पीमागं नेऊन दिला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, दोनदा वाचला, मग घडी करून खिशात ठेवला आणि खिशावर हात दाबून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. मिरची होती म्हणून दोघांची लाज राहिली.

मग न राहवून मी त्याला विचारलं. "अरे, तीन महिने मी तुला त्या काळ्या जमिनीवर राबवत होतो. तिथं चेंडू उठत नाही, हे तुला पहिल्या दिवशी कळलं असणार. चटईवर खेळल्यावर तर नक्कीच कळलं. एकदा तरी तोंडातून काढायचं होतंस!"

त्यानं थप्पीतलं एक कललेलं पोतं सरळ केलं. मग त्याच्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाला, "आपण इतक्या मायेने शिकवत होता. मला वाटलं, जमीन सर्वांना सारखीच असेल. माझंच काही कमी पडत असेल."

मी पोती मोजायला लागलो.

याकोब पुढं अकरा हंगाम आमच्याकडून खेळला, पॉइंट्समन झाला. मी त्याच्यानंतर बरीच पोरं वर घेतली, काही चुकली, काही लागली. पण एक सवय मला कायमची जडली. हाताखालचा नवा माणूस अडखळत असेल आणि वर निमूटपणे "बरं आहे, चूक झाली" म्हणत असेल, तर मी त्याच्यावर ओरडायच्या आधी उठतो, त्याच्या जागी जाऊन उभा राहतो आणि मला स्वतःला तिथं किती जमतंय ते बघतो. बहुतेक वेळा जमत नाही.